रोहण्याचं एक मत

गाडीला उशीर झालाय आणि त्याचं इथं कुणालाच काही वाटत नाही. बुधवार, २२ फेब्रुवारी १९३९. तुम्ही रोहण्याच्या टेशनावर उभे आहात. अंगात खादीचा सदरा, डोक्यावर टोपी, खिशात बादशहाच्या छापाचे दोनतीन रुपये. टेशन म्हणजे एक खोली, एक घंटा आणि कडुनिंबाची सावली. रूळ इतके अरुंद की पाय जरा फाकवलेत तर दोन्ही पट्ट्यांवर टेकतील. पुलगाव-आर्वी ही लाइन १९१७ साली टाकली गेली ती कापसासाठी. माणसं नेणं हा तिचा जोडधंदा. कापसाची वेचणी संपत आलीय. रुळांपलीकडच्या वावरात हरभरा सोंगणीला आलाय, बांधावरचा पळस पेटलाय.

तुमच्याजवळ पत्र्याच्या ट्रंकेवर एक गृहस्थ बसलेत. पंचेचाळिशीचे असतील. धोतर खादीचं, पण कोट गिरणीच्या कापडाचा. जवळच्या एका गावचे मालगुजार, आणि आर्वीच्या एका जिनात थोडी भागी.

“वर्ध्याले चाल्ले का जी?”

“हो काकाजी.”

“आज जो तो वर्ध्याले चाल्ला. कमिटी हाय ना बजाजवाडीत.” मग जरा थांबून, छाती किंचित पुढं काढून: “मी डेलिगेट आहो.”

या माणसाचं नाव विचारू नका. कुठल्याही दप्तरात तो सापडायचा नाही. तुमच्या सोबतीसाठी मी तो उभा केलाय. पण ज्या निवडणुकीविषयी तो आता बोलणार आहे ती अगदी खरी आहे, आणि त्याच्यासारखे, कोणत्याच गटाच्या वहीत नाव नसलेले मतदार तिच्यात भरपूर होते. ते तसे नसते तर निकाल वेगळा लागला असता.

गाडी येते. थर्ड क्लासच्या बाकावर तुम्ही समोरासमोर बसता. इंजिन धूर जास्त काढतं, वेग कमी. विरूळ येईतो काकाजींनी शिदोरी सोडलेली असते: ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कांदा. अर्धी भाकर तुमच्या हातावर ठेवतात आणि निवडणूक सांगायला लागतात.

काँग्रेसचा अध्यक्ष निवडायचा हक्क डेलिगेटांना. चार आणे भरणारे साधे सभासद डेलिगेट निवडतात आणि देशभरातले हे तीनेक हजार डेलिगेट अध्यक्षाला मतं देतात. कागदावर असं. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं मत द्यायची पाळीच फारशी आलेली नाही. नावं पुढं येतात, वडीलधारी मंडळी बसतात, एक सोडून बाकीचे मागं घेतात. गेल्या वर्षी हरिपुऱ्याला सुभाषबाबू असेच, गांधीजींच्या आशीर्वादानं, बिनविरोध झाले. या वर्षी त्यांनी पुन्हा उभं राहायचं ठरवलं आणि वडीलधाऱ्यांचा हिशेब चुकला. मौलाना आझादांचं नाव पुढं आलं होतं. त्यांनी अंग काढून घेतलं. मग उरले मच्छलीपट्टणचे डॉ. भोगराजू पट्टाभी सीतारामय्या: बँक काढलेले, काँग्रेसचा जाडजूड इतिहास लिहिलेले, जन्मभर पक्षाचं काम इमानानं केलेले गृहस्थ.

“पट्टाभीचं मले काईच वाईट नाही,” काकाजी म्हणतात. “मानूस चांगला. पण ते पत्रक पाह्यलं का तुमी?”

जानेवारीच्या २४ तारखेचं पत्रक. वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, कृपलानी, जयरामदास दौलतराम, भुलाभाई देसाई, आपले शंकरराव देव आणि वर्ध्याचे जमनालालजी बजाज. सात सह्या. एकच व्यक्ती पुन्हा अध्यक्ष व्हायला काही विशेष कारण लागतं, तसं कारण आज नाही, तेव्हा सुभाषबाबूंनी फेरविचार करावा आणि पट्टाभींना एकमतानं होऊ द्यावं, असा मजकूर.

“मी काय म्हनतो भाऊ, जवाहरलालजी लागोपाठ दोन डाव अध्यक्ष झाले. लखनौले अन् मंग फैजपूरले. फैजपूरले मी सोता होतो, खान्देशात, बांबूच्या मांडवात. तवा कोनाले विशेष कारन नाही लागलं? अन् मत माह्यं असन तर सात जन काऊन सांगून रायले, कोनाले द्यायचं?”

हे नीट ऐकून ठेवा. काकाजी डावे नाहीत. समाजवाद म्हटलं की त्यांना कुळं आठवतात आणि छातीत धस्स होतं. सरकारनं आणलेल्या फेडरेशनच्या योजनेवर पुढाऱ्यांपैकी काही जण तडजोडीला तयार आहेत, हा सुभाषबाबूंचा आरोप त्यांनी वाचलाय, पण त्यावरून काही ठरवलेलं नाही. बंगालशी त्यांचा संबंध कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्यापुरता. त्यांनी सुभाषबाबूंना मत दिलं, कारण ते देऊ नका असं वरून सांगण्यात आलं. जानेवारीच्या मध्याला ते पट्टाभींचे होते. महिना संपता संपता नव्हते. मधे पट्टाभींनी काहीही केलं नव्हतं. जे केलं ते त्यांच्या पाठीराख्यांनी.

तुमच्या काळात याला फार मोठमोठी नावं आहेत. काकाजींच्या तोंडी एकच शब्द आहे: “आगाऊपना.”

पुलगावला उतरा. गिरणीचं धुराडं दिसतंय, कामगारांची पाळी सुटलीय, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. मुंबई-नागपूर मोठ्या लाइनची गाडी यायला अवकाश आहे. चहा घ्या, आणि काकाजींच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेलं तीन आठवडे जुनं वर्तमानपत्र उघडा. २९ जानेवारीच्या मतदानाचा निकाल त्यांनी निळ्या शाईनं अधोरेखित केलाय. सुभाषबाबू १५८०, पट्टाभी १३७७.

प्रांतवार आकडे बघितलेत की गंमत कळते. बंगालनं आपल्या माणसाला ४०४ दिली, पट्टाभींना ७९. गुजरातेत सरदारांच्या शब्दाबाहेर जाणारे पाचच निघाले, शंभर पट्टाभींकडं. आंध्रानं पट्टाभींना तारलं. हे सगळं अपेक्षेप्रमाणं. या मतांना मत म्हणण्यापेक्षा हजेरी म्हणावं. निकाल ठरला तो इतरत्र: संयुक्त प्रांतात, पंजाबात, कर्नाटकात, आणि राजाजींच्या तमिळनाडूतसुद्धा, जिथं काँग्रेसचं सरकार होतं आणि तरी मतं जवळजवळ निम्मी-निम्मी फुटली. तिथं समाजवादी होते, किसान सभेवाले होते, मंत्रिपदं न मिळालेले नाराज होते, आणि काकाजींच्या जातीचे, कुणाचेच नसलेले होते.

आपल्याकडं, नागपूर आणि विदर्भ या दोन्ही काँग्रेस प्रांतांत, पट्टाभीच थोडे पुढं राहिले. यात वर्धा घरचं, बजाजांचं, बापूंचं, हे कारण आहेच. पण मला दुसरंही एक दिसतं. गेल्या जुलैत प्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांना पायउतार व्हावं लागलं आणि रविशंकर शुक्ल आले. मराठी नागपूरकरांना ते फार झोंबलं. वर्ध्यात ज्या कार्यकारिणीनं खऱ्यांना दोषी धरलं तिचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. म्हणजे श्रेष्ठींवर चिडलेल्या माणसालाही इथं सुभाषबाबूंकडं सरळ जाता येत नव्हतं. तोही श्रेष्ठीच. काकाजींना हे विचारलंत तर ते कप बशीत उपडा करतात आणि म्हणतात, “खऱ्याचं माह्या बी डोक्यात होतं. पन सात सह्या त्याहून जास्त डोक्यात गेल्या.”

मग ते तुम्हाला दुसरं कात्रण दाखवतात, आणि आवाज उतरतो. ३१ जानेवारीचं, बारडोलीहून निघालेलं गांधीजींचं निवेदन. पट्टाभींना उमेदवारी मागं घेऊ नका असं सांगणारा मीच, तेव्हा हा पराभव त्यांच्यापेक्षा माझा अधिक, असं त्यात आहे. सुभाषबाबू काही देशाचे शत्रू नव्हेत, असंही आहे. ते वाचून कलकत्त्याला जे वाटलं असेल ते वाटलं असेल.

“मी सुभाषबाबूले मत देल्लं,” काकाजी हळू म्हणतात. “गांधीबाबाच्या विरोधात कोठी देल्लं? मत टाकतानी चिठ्ठीवर दोन नावं होती. तिसरं नाव मंग काऊन घातलं?”

मोठी गाडी येते. वर्ध्यापर्यंत ते बोलत नाहीत.

वर्ध्याच्या टेशनाबाहेर टांगे लागलेत आणि टांगेवाले दोनच नावं ओरडताहेत: बजाजवाडी आणि शेगाव. सेवाग्राम म्हणाल तर कुणाला कळणार नाही. ते नाव यायला अजून वर्ष आहे. तोवर बापूंची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन परत येतात आणि पोस्टमास्तर वैतागतो. वाटेत मगन संग्रहालयाची नवी इमारत लागते. दोनच महिन्यांपूर्वी, ३० डिसेंबरला, बापूंनी ती उघडली. चरखे, घाणी, हातकागद. बघायला आज कुणालाच वेळ नाही.

गेल्या बुधवारी, १५ तारखेला, सुभाषबाबू याच रस्त्यानं शेगावला गेले होते. बापूंशी दीर्घ बोलणं झालं, निष्पन्न काही नाही. त्यानंतर जो ताप चढला तो उतरायला तयार नाही. आज ते कलकत्त्यात अंथरुणावर आहेत, आणि देशभरातून त्यांच्याकडं औषधांबरोबर ताईत आणि अंगारे येताहेत. त्यांनी तार केलीय: बैठक त्रिपुरीच्या अधिवेशनापर्यंत पुढं ढकला. या तारेवर आज भांडण आहे. अध्यक्ष आपल्याला नेहमीचं कामकाजही करू देत नाहीत, म्हणजे आपल्यावर विश्वास नाही, असा तिचा अर्थ कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी लावलाय.

तुम्हाला आत सोडत नाहीत. काकाजींनाही नाही; डेलिगेट असले तरी. फाटकाबाहेर झाडाखाली माणसं बसलीत: वर्ध्याचे वकील, कॉलेजात शिकणारी पोरं, हिंगणघाटचे दोन गिरणी कामगार, एक पत्रकार. गंमत अशी की या घराचा मालक आज घरात नाही. जमनालालजी जयपूर संस्थानच्या कैदेत आहेत. तिथल्या प्रजेच्या हक्कांसाठी गेले आणि याच महिन्यात धरले गेले. पाहुणे मात्र आहेत, आणि यजमानाच्या गैरहजेरीत देशाचा कारभार चाललाय.

दुपार कलते. एक स्वयंसेवक बाहेर येतो आणि बातमी फाटकापासून झाडापर्यंत चालत येते. राजीनामे. बारा जणांचे एकत्र. सरदार, आझाद, राजेंद्रबाबू, कृपलानी, शंकरराव, खान अब्दुल गफार खान, आणि पट्टाभीसुद्धा. यादीत जमनालालजींचंही नाव आहे, तुरुंगातून. अध्यक्षांना आपल्या विचारांची कार्यकारिणी नेमायला मोकळीक असावी, असं कारण. जवाहरलालजींनी त्या कागदावर सही केली नाही. स्वतःचं वेगळं निवेदन काढलंय, लांबलचक, ज्यातून ते राहिले की गेले हे कॉलेजच्या पोरांना दोनदा वाचूनही ठरवता येत नाही. तेही गेले, असं शेवटी वकीलसाहेब सांगतात.

“मंग सुभाषबाबूजवळ रायलं कोन?”

“शरदबाबू.”

“तो तं सख्खा भाऊ हाय.” काकाजी टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. “अन् आमी पंधराशे ऐंशी?”

इथं जरा थांबा, कारण सगळी गोष्ट या फाटकाशी येऊन अडते. त्या १५८० चिठ्ठ्या दोघांनी वाचल्या आणि दोघांनीही चुकीच्या वाचल्या. सुभाषबाबूंनी वाचलं: काँग्रेस डावीकडं वळली, तडजोडवाल्यांना लोकांनी नाकारलं, आता सरकारला निर्वाणीचा खलिता द्यायचा. गांधीजींनी वाचलं: माझ्या मार्गाला नाकारलं. काकाजींनी यांतलं एकही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, आम्हाला विचारत जा. हे वाचणारा त्या दिवशी वर्ध्यातही कुणी नव्हता आणि कलकत्त्यातही नाही. माझं मत विचाराल तर या दोन चुकांपैकी गांधीजींची चूक अधिक कामाची ठरली. प्रश्न ‘पट्टाभी की सुभाष’ असा होता तोवर मोकळी मतं सुभाषबाबूंची होती. तो ‘गांधी की गांधीविना’ असा झाला त्या दिवशी ती त्यांच्या हातून गेली, आणि त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या ते कळलंसुद्धा नसावं. आपण जिंकलोय हे त्यांच्याजवळ आकड्यांत लिहिलेलं होतं ना!

आता अठरा दिवस पुढं या. १२ मार्च, जबलपूरजवळचं त्रिपुरी, नर्मदाकाठ. बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती. अध्यक्ष मात्र मिरवणुकीत नाहीत. त्यांचं छायाचित्र आहे. ते स्वतः तापानं फणफणलेले, स्ट्रेचरवरून आणलेले. भाषण त्यांच्या वतीनं शरदबाबूंनी वाचलं: इंग्रजांना सहा महिन्यांची मुदत द्या, मग देशव्यापी सत्याग्रह. बापू इथं नाहीतच. ते राजकोटला आहेत, नुकतंच उपोषण सोडलंय. नसूनही मांडवात सगळीकडं तेच आहेत.

काकाजी इटारसीवरून आलेत आणि धुळीनं माखलेत. समोर गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आहे: गांधीजींच्या मार्गावर विश्वास, जुन्या कार्यकारिणीवर विश्वास, आणि नवी कार्यकारिणी अध्यक्षांनी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. शेवटचं वाक्य म्हणजे निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हातातली किल्ली काढून घेणं. हे काकाजींना कळतं. ते मूर्ख नाहीत. सात सह्यांचा आगाऊपणा तो हाच, फक्त आता ठरावाच्या कपड्यात. पण ठराव मांडणाऱ्यानं किल्लीविषयी विचारलेलंच नाही. त्यानं विचारलंय, बापूंवर विश्वास आहे का?

तुम्ही काकाजींच्या शेजारी मांडी घालून बसलात. समाजवाद्यांकडं बघा. जानेवारीत सुभाषबाबूंच्या मागं उभी राहिलेली ही सर्वांत शिस्तीची फळी. जयप्रकाश नारायण आणि त्यांचे सहकारी ठरवतात, तटस्थ राहायचं. काँग्रेस फुटता कामा नये. कागदावर तटस्थ. मांडवात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. काकाजींना कुणी फळी नाही, त्यामुळं तटस्थ राहायचीही सोय नाही. हात वर करायचा की नाही हे एकट्यानं ठरवायचंय, आणि डावी-उजवीकडचे लोक बघताहेत.

ते हात वर करतात. खांद्यापर्यंतच, पण करतात.

“पाह्यलं तुमी,” नंतर पाण्याच्या टाकीपाशी ते म्हणतात, जणू तुम्हीच काही बोललात. “मी सुभाषबाबूले सोडलं नाही. मले त्यानं... नाही, त्यानं बी नाही सोडलं. आता कसं सांगू?”

सांगता येत नाही, म्हणून नका सांगू. पुढचं भराभर जातं. २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, राजेंद्रबाबू आले. मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक निघाला. महाराष्ट्रात सेनापती बापट त्यात गेले, नागपुरात कामगारांचे पुढारी रुईकर. ऑगस्टमध्ये पुन्हा वर्धा, पुन्हा कार्यकारिणी, आणि शिस्तभंगाबद्दल सुभाषबाबूंना तीन वर्षं काँग्रेसमधल्या कुठल्याही निवडून यायच्या जागेवर बसायला मनाई. जून १९४० मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचं अधिवेशन नागपुरात भरलं. काकाजी गेले होते. मागं, दाराजवळ बसले. सभासदाची पावती पुढं आली तेव्हा पाणी प्यायला उठले.

ऑगस्ट १९४२ वरून मी तुम्हाला पटकन नेतो, कारण तिथं मतांचं काही काम नव्हतं. १६ तारखेला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर माणसं चालून गेली, गोळ्या झेलून पडली. रोहण्यापासून आष्टी काही लांब नाही. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात एकही चिठ्ठी पेटीत टाकलेली नसेल.

आता शेवटची गाडी धरा. १९५२ चा पावसाळा, तीच अरुंद लाइन, तोच उशीर. विरूळच्या पुढं वावरं हिरवी आहेत, डवरणी चाललीय. काकाजी समोरच्या बाकावर आहेत, केस पांढरे, कोट आता खादीचा. मालगुजारी गेल्या साली गेली. ३१ मार्च १९५१ ला सरकारनं ती खालसा केली आणि त्यांच्याकडं राहिलं ते घरचं शेत. हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. रोहण्यात वेचणीला जाणाऱ्या बायासुद्धा रांगेत उभ्या राहिल्या, आणि काकाजी त्यांच्या मागं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही असं ते दोनदा सांगतात.

“नागपूरले चाल्लो,” ते म्हणतात. “नवीन गव्हर्नरसायेब आले ना जुलैत. आमच्या जुन्या काँग्रेसवाल्यायले भेटून रायले.”

रोहणा अजून मध्य प्रदेशात आहे आणि राजधानी नागपूर. राज्यपाल आहेत डॉ. पट्टाभी सीतारामय्या. १९४८ साली टंडनांना हरवून ते अखेर काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि आता तुमच्या-आमच्या प्रांताच्या राजभवनात आलेत.

“ओळखतील का तुम्हाला?”

“मले? मले कायले ओळखते?” काकाजी शिदोरीची गाठ सोडतात. तीच जवसाची चटणी. “पन इचारलं, कोनाले मत देल्लं होतं तवा, तं सांगीन खरं. दुसऱ्या येळेले त्याले मत देऊ का नको, हे तं मले कोनी इचारलंच नाही. अठ्ठेचाळीसले मी डेलिगेट नव्हतो, अन् गव्हर्नरले मत लागत नाही.”

अर्धी भाकर ते तुमच्या हातावर ठेवतात. पुलगावला मोठी गाडी मिळेल की नाही याची त्यांना आता काळजी लागलीय. खिडकीतून मान काढून ते गार्डाला विचारतात, आणि गार्ड म्हणतो, मिळन जी, ते बी लेटच हाय.